दिल्ली दोन तासांवर, पण कुणाच्या दारापासून?

नकाशावर सांगली ते दिल्ली सरळ रेघ ओढा. आकडा येतो साधारण १,३३० किलोमीटर. साताऱ्यातून १,२५० च्या आसपास. आणि विमानाला वेळ? सव्वादोन तास. वाचून वाटतं, चला, एक वेबसिरीज डाउनलोड केली की झालं!

जरा थांबा. ते सव्वादोन तास पुण्याच्या लोहगावपासूनचे आहेत, तुमच्या दारापासूनचे नाहीत.

पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किमी. ताशी ८०० किमीच्या वर जाणारं विमान ते दीड तासात कापेल. मग तिकिटावर जास्त वेळ का? कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत जागेवर लागल्यावरच थांबतं. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, खाली उतरणं, दिल्लीच्या आकाशातली गर्दी, सगळं त्यात धरलेलं असतं.

आता आपला हिशेब. सांगलीतून एसटीनं स्वारगेट, तिथून शहर पार करून लोहगाव. साडेपाच तास धरा. दोन तास आधी पोहोचायचं. सव्वादोन तास हवेत. बॅग घेऊन दिल्ली शहरात जायला तास. झाले पावणेअकरा तास! म्हणजे वेग पडला ताशी सव्वाशे किमीपेक्षाही कमी. सातारकरांचे दोन तास वाचतात, इतकंच. तरी रेल्वेपेक्षा हे बरंच. गोवा एक्स्प्रेसनं मिरजेतून रात्री निघालात तर मधला अख्खा दिवस गाडीतच जातो आणि हजरत निजामुद्दीनला उतरता तिसऱ्या दिवशी.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांना हे गणित तोंडपाठ असतं. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात ही माणसं देशभर पसरलीत. गावाकडून वाईट बातमीचा फोन आला की फ्लाइट किती तासांची, हे कोण विचारतंय? ‘घरी किती वाजता पोहोचतोस?’ एवढंच. कारण अंत्यविधी थांबवायचा की नाही, ते त्यावर ठरतं. आणि पुण्यात उतरल्यावरही विटा चार-पाच तास लांबच असतं.

आपल्याकडे धावपट्टी नाही असं नाही. कराडला आहे की! कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात बांधलेली. पण ती साधारण १,२८० मीटरची, लोहगावची अडीच किलोमीटरची. दिल्लीला जाणारी मोठी विमानं कराडात उतरणार कशी? सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणीही जुनीच.

सांगलीकरांना जवळचं विमानतळ म्हणजे कोल्हापूरचं उजळाईवाडी, दीडेक तासावर. बेंगळुरू, हैदराबादला जायचं असेल तर आधी तिथलं वेळापत्रक बघा, ते बदलत राहतं. पुण्याहून स्वस्त तिकीट मिळालं म्हणून उड्या मारू नका. एसटी, रिक्षा आणि रात्रीचं जेवण त्यात मिळवा आणि मग बोला.

दिल्लीत सकाळी दहाची मुलाखत असेल तर पहाटेची फ्लाइट पकडायला सांगलीतून आदल्या रात्री नऊलाच निघावं लागतं. रात्रभर जागून, चुरगळलेल्या शर्टात पॅनेलसमोर बसायचं. त्यापेक्षा एक दिवस आधी जा. लॉजचे पैसे घरी मागताना हा पावणेअकरा तासांचा हिशेब कागदावर मांडून दाखवा.