यकृतातली गाठ : सुई टोचण्याआधी

सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केलेली असते आणि रिपोर्टात ओळ येते : यकृतात पाण्याची गाठ, हायडॅटिडची शक्यता. घरातल्यांच्या मनात पहिली शंका कॅन्सरची. ही गाठ कॅन्सरची नसते. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या फीतकृमीची अळी तिथे वाढत असते.

मोठा झालेला कृमी राहतो कुत्र्याच्या आतड्यात. विष्ठेतून पडलेली अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, कुत्र्याच्या केसांना लागलेल्या हातांतून आपल्या पोटात जातात. आतड्यातून रक्तात शिरलेल्या अळीचा पहिला मुक्काम यकृत. म्हणून सुमारे ७० टक्के गाठी तिथेच सापडतात. वाढ इतकी संथ की वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. जाणवते ती गाठ दाबू लागल्यावर, पित्तनलिकेत फुटून कावीळ झाल्यावर.

निदानाचा कणा सोनोग्राफीच. रक्ततपासणी मदत करते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने गाठींचे सीई १ ते सीई ५ असे टप्पे ठरवले आहेत. माझ्या मते रुग्णाने डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच : माझी गाठ कोणत्या टप्प्यात आहे?

कारण उपचार त्यावरच ठरतो. आत नुसते पाणी असलेली, पाच सेंटिमीटरहून लहान गाठ अल्बेंडाझोलने आटोक्यात येऊ शकते. हे औषध काही महिने, यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या करत घ्यायचे असते. जंतांसाठीची एक गोळी इथे पुरत नाही. गाठ मोठी असेल तर सुईने पाणी ओढून, कृमिनाशक द्रव्य आत सोडून ते पुन्हा काढून घेतात. या पद्धतीला ‘पेअर’ म्हणतात. गाठ पित्तनलिकेत उघडत असेल तर मात्र ही पद्धत वापरता येत नाही. आत पिल्लगाठी भरल्या असतील तर बहुधा शस्त्रक्रियाच. आणि चुना साठून कडक झालेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीला हातही लावायचा नाही, ठरावीक काळाने फक्त पाहत राहायचे. अशा मृतप्राय गाठीसाठी पोट उघडणे हा रुग्णावर अन्याय आहे.

पूर्वतयारीशिवाय सुई घातली तर पाणी पोटात सांडते. त्यातून जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, नव्या गाठीही रुजतात. नुसते ‘बघू तरी काय आहे’ म्हणून टोचू देऊ नका.

आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघरी होता. कुत्र्यांना जंताचे औषध आणि कत्तलीतले अवयव कुत्र्यांपासून दूर, एवढ्यावर त्या देशाने तो हटवला. आपल्याकडेही बकरा कापल्यावर गाठी असलेले काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नका. खोल पुरा किंवा जाळा. आणि पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल नियमित द्या.