राजीनामा देण्याआधी

बँकेतली किंवा आयटीतली नोकरी सोडून पाळीव प्राण्यांच्या धंद्यात येणाऱ्यांचा पहिला गैरसमज : मला प्राणी आवडतात, एवढं पुरे. पुरत नाही. ग्रूमिंगला डिग्री लागत नाही, पण हात बसावा लागतो. कुत्र्याच्या पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्या नखात नाही. तिथे अगदी तीळभर कापत जायचं आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. चुकलंच, तर रक्त थांबवणारी पावडर हाताशी हवी. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर. मालकाची नजर झेलायची तयारी वेगळी.

इंजेक्शन, टाके, औषधं ही मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच कामं. १९८४चा कायदाच तसा आहे. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आणि प्रवेश ‘नीट’मधून. चाळिशीत तो रस्ता धरणारे विरळाच.

पिल्लं विकायची असतील तर २०१७चे श्वानप्रजननाचे आणि २०१८चे पेट शॉपचे नियम वाचा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. सर्रास विकतात, ही गोष्ट निराळी.

काम कुठलंही निवडा, स्वतः रेबीजची लस चावा बसण्याआधीच घ्यावी : पहिल्या डोसनंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी.

आणि हो, बोर्डिंग काढणार असाल तर दिवाळी आणि मे महिना विसरा. लोक गावाला जातात ते तेव्हाच.