रंगाच्या गोळीची बंदूक निवडायची कशी?

बालमित्रांनो, सेलूहून वर्ध्याकडे जाताना रस्त्याकाठच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले तुम्ही पाहिले असतील. काहींवर आकडेही असतात. म्हणजे त्या झाडाची मोजदाद झालेली आहे. जंगलात झाड तोडायचं ठरलं की त्याच्या बुंध्यावर साल थोडी तासतात आणि तोंडावर अक्षरं कोरलेल्या हातोड्याने शिक्का मारतात. यासाठी माणसाला एकेका झाडापाशी चालत जावं लागतं. मध्ये काटेरी झुडूप असो की नाला, पोचल्याशिवाय खूण होत नाही.

तर गंमत अशी, की हे चालणं वाचवण्यासाठीच रंगाच्या गोळीची बंदूक जन्माला आली! अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेल्सन नावाची रंगाची कंपनी आहे. झाडांवर खुणा करायचा रंग ती वनखात्याच्या लोकांना पुरवत असे. लांबूनच नेम धरून झाडावर रंग उडवता आला तर किती बरं, असं तिथल्या लोकांना वाटलं. १९७०च्या दशकात हवेच्या बंदुका बनवणाऱ्या डेझी कंपनीने त्यांना एक पिस्तूल तयार करून दिलं. त्याचं नाव नेल-स्पॉट ००७. मोठ्या कुरणांवर गुरं राखणारेही कळपातल्या गाईवर खूण करायला ते वापरू लागले. म्हणूनच या वस्तूला आजही बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारा. आपणही तेच नाव वापरू या.

खेळ सुरू झाला तो एका भांडणातून. खरं तर भांडण नव्हे, मित्रामित्रांतला वाद. हेज नोएल हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि चार्ल्स गेन्स हा खेड्याकडे राहणारा लेखक. रानात सोडून दिलं तर कोण टिकेल, शहरातला चलाख माणूस की रानाची सवय असलेला? वाद काही मिटेना. तेव्हा एका मित्राने शेतीच्या सामानाच्या यादीत हा मार्कर पाहिला होता, तो पुढे आला. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण उतरले. रानात चार ठिकाणी चार रंगांची निशाणं ठेवलेली. रंग न लागू देता चारही रंगांचं एकेक निशाण घेऊन जो बाहेर येईल तो जिंकला.

कोण जिंकलं असेल? रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस. आणि ऐका, त्याने अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही! तो इतका गुपचूप फिरला, की कोणाला दिसलाच नाही. शहरवाले मार्कर ताणून बसले आणि हा निशाणं घेऊन बाहेर. सेलू-हिंगणीच्या पोरांना हे वाचून बरं वाटेल, नाही का?

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. पेंटबॉल खेळायला जाणारा जो तो विचारतो, "सगळ्यात जोरात कोणता मारतो?" रानात या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ही गोळी नाजूक असते. वाटेत तुरीच्या काडीएवढी फांदी आडवी आली तरी गोळी तिच्यावरच फुटते, मग मार्कर कितीही जोराचा असो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दहा वेळा खटका दाबला तर दहाही वेळा गोळी नीट, सारख्याच वेगाने निघते का? असा मार्कर म्हणजे भरवशाचा मार्कर.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा खेळ आपल्याकडे आहे तरी कुठे? लोणावळ्याजवळ कुणेगावला डेला अॅडव्हेंचर पार्कमध्ये खेळवतात. मोठ्या शहरांच्या आसपासही मैदानं निघाली आहेत. सुट्टीच्या शिबिरांतही हा खेळ असतो. तिथे मार्कर विकत घ्यायचा नसतो, भाड्याने हातात मिळतो. म्हणून निवडायला शिकायचं ते दुकानात नव्हे, मैदानाच्या टेबलापाशी. आईबाबांनो, पुढचं तुमच्यासाठीही आहे. पोरं उत्साहात असतात, टेबलापाशी नीट पाहायचं काम बहुधा तुमच्याकडेच येणार.

आधी तो चालतो कसा ते समजून घेऊ. बस्तरमध्ये, जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा सण होतो. त्यात लोक बांबूची 'तुपकी' वाजवतात. पोकळ बांबूच्या नळीत मालकांगोणीचं हिरवं फळ ठासायचं. त्या फळाला तिकडे पेंग म्हणतात. मागून दुसरं फळ घालून काडीने रेटायचं. दोन फळांच्या मध्ये हवा कोंडते, दाबली जाते आणि पुढचं फळ 'फट्' करून उडतं. झालं! मार्करचं तत्त्व हेच. फरक एवढाच, की काडीने रेटण्याऐवजी बाटलीत आधीच दाबून भरलेली हवा असते. खटका दाबला की एक झडप क्षणभर उघडते आणि थोडीशी हवा गोळीमागे सुटते.

तुपकी वाजवणाऱ्या पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फळ नळीत सैल बसलं तर हवा बाजूने निसटते आणि फळ जवळच पडतं. फार घट्ट बसलं तर ते चेंगरतं. मार्करचंही तंतोतंत असंच आहे. मोठ्यांच्या मार्करची गोळी पॉइंट अडुसष्ट इंचाची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटरची असते. आपल्या कंच्याहून किंचित मोठी आणि वजनाला सुमारे ३ ग्रॅम. खेळवणाऱ्या दादांना सांगा, नळी सोडवून तिच्यात एक गोळी टाकून दाखवा. आपोआप घरंगळून खाली पडली तर सैल. अडकूनच बसली तर घट्ट. थांबली आणि हलकी फुंकर मारताच बाहेर आली, तर जोडी जमली. पावसाळ्यात मात्र हीच गोळी दमट हवेने फुगते. कारण तिचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. पहिल्या गोळ्या बनवून दिल्या त्याही कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीनेच. (जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होतं. घरी चालत नसेल तर आधी माहीत असलेलं बरं.) फुगलेली, चपटी झालेली किंवा एकमेकींना चिकटलेली गोळी कितीही चांगल्या मार्करमध्ये आतच फुटते. मग नळीत रंगाचा चिखल होतो आणि पुढच्या गोळ्या वाकड्यातिकड्या जातात. तेव्हा मार्करला नावं ठेवण्याआधी गोळ्यांची पिशवी उघडून पाहा.

बाटलीत काय भरलंय हा दुसरा मोठा प्रश्न, आणि आपल्या विदर्भात तर फारच मोठा! काही मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालतात. हा वायू दाबला की पातळ होतो, म्हणून छोट्या बाटलीत पुष्कळ मावतो. पण ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी पातळ राहत नाही आणि बाटलीतला दाब भराभर वाढतो. आता सांगा, वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन किती असतं? पारा ४५च्या पुढे जातो. मग सकाळी एका वेगाने जाणारी गोळी दुपारी भलत्याच वेगाने सुटणार. म्हणून आपल्याकडे साध्या दाबलेल्या हवेवरचा मार्कर बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या बाटलीच्या तोंडाशी दाब कमी करणारा रेग्युलेटर असतो, त्यामुळे सकाळ-दुपार गोळी सारखीच निघते. पण ही हवा काही पंक्चरवाल्याकडे भरायची नव्हे बरं का! ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे पौंडाची हवा असते. या बाटलीत तीन हजार पौंडाची, काहींत त्याहूनही जास्त. त्यासाठी वेगळा पंप लागतो.

एवढा दाब सांभाळणारी बाटली ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावी लागते. घरच्या गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर 'ए', 'बी', 'सी', 'डी' यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो, पाहिलाय ना? त्या तिमाहीत त्याची तपासणी करायची असते. मार्करच्या बाटलीवरही तपासणीची तारीख कोरलेली असते. ती वाचा. तारीख पुसट करून टाकलेली किंवा बाटली पोचे पडलेली असेल तर तिथे खेळू नका.

यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक? यावर जास्त बोलायला नको. इलेक्ट्रॉनिक मार्कर भराभर गोळ्या सोडतो, पण त्याला बॅटरी लागते आणि पाणी-धुळीचं वावडं असतं. रानात माती, पालापाचोळा, घाम सगळंच. तिथे साधा यांत्रिक बरा, ज्याचे सुटे भाग थोडे आहेत आणि जो एक-दोन पान्यांनी उघडतो. अमेरिकेतल्या टिपमन कंपनीचं १९९८ साली निघालेलं '९८' नावाचं मॉडेल भाड्याच्या मैदानांवर गाजलं ते याचसाठी. दोन अर्ध्या भागांचं अॅल्युमिनियमचं अंग, स्क्रू काढले की आतलं सगळं डोळ्यांसमोर. विहिरीवरच्या मोटरीचंही असंच असतं ना? गावातल्या मिस्त्रीला उघडता येते तीच मोटर टिकते. मार्करमध्ये हवा अडवायला रबरी कड्या असतात, कुकरच्या रिंगसारख्या, फक्त छोट्या. त्या झिजल्या की 'फुस्स' आवाज येतो. खटका न दाबता असा आवाज येत असेल तर मार्कर बदलून मागा. लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक मैदानांवर मोठ्यांच्या गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. म्हणजे किती माहीत आहे? ताशी सुमारे ३३० किलोमीटर! वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी दीडशेने येतो, ही त्याच्या दुपटीने. अंगावर लागली तर वळ उठतो, दोन दिवसांत जातो. डोळ्याला लागली तर डोळा जातो. म्हणून वेग मोजायचं क्रोनोग्राफ नावाचं यंत्र मैदानावर असायलाच हवं. त्या दिवशी, तुमच्या मार्करचा वेग तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा. "कालच मोजला" हे उत्तर चालत नाही, कारण ऊन बदललं की वेगही बदलतो, हे आपण आत्ताच पाहिलं.

डोळे, कान, तोंड झाकणारा पेंटबॉलचाच मास्क हवा. पोहायचा गॉगल, मोटरसायकलच्या हेल्मेटची काच किंवा बाबांचा चष्मा, यातलं काहीही चालत नाही. काचेला तडा असेल तर दुसरा मागा. खेळताना काचेवर वाफ धरते, दिसेनासं होतं आणि हात आपोआप मास्ककडे जातो. तो हात तिथेच थांबवायचा! मैदानाबाहेर, जाळीच्या पलीकडे गेल्याशिवाय मास्क काढायचा नाही. आणि खेळ थांबला की मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढवायची. ती टोपी आणि खटक्याचं कुलूप नसलेला मार्कर घेऊच नका, मग तो कितीही नवा दिसो.

लहानांसाठी अर्ध्या इंचाच्या गोळीचे मार्करही असतात. ती गोळी सव्वा ग्रॅमच्या आसपासची, त्यामुळे तिचा मार बराच हलका. बहुतेक मैदानांवर वयाची अट असते. पोराचं वय वाढवून सांगण्यापेक्षा हा छोटा मार्कर आहे का, असं विचारलेलं बरं. मोठा मार्कर लहान हातांना जड होतो आणि दमलेल्या हातातलं नळीचं तोंड भलतीकडे वळतं.

राहिली गोष्ट रानाची. आपल्या तालुक्यात बोरचं जंगल आहे, साग आहे, धरण आहे. मग तिथेच का नाही खेळायचं? तर बोर हे १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. महाराष्ट्रातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प तो हाच. तिथे वाघ राहतो आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, खेळणं तर दूरच. रानातला पेंटबॉल म्हणजे कुणाच्या तरी मालकीच्या, कुंपण आणि जाळी घातलेल्या झाडीतला खेळ. शेतमालकाची परवानगी, पंच आणि आत कोणी गुराखी येणार नाही याची खात्री, हे तिन्ही असेल तरच.

न फुटलेल्या गोळ्या खिशात घालून घरी आणू नका. आतलं द्रव्य गोडसर लागतं आणि कुत्री त्या गोळ्या खातात. कुत्र्यांना ती चांगलीच बाधते.

निघण्याआधी एक सोपी परीक्षा. एक जुनं वर्तमानपत्र सोबत न्या. खेळवणाऱ्या दादांना वीस पावलांवर ते टांगून तुमच्या मार्करने दहा गोळ्या मारायला सांगा. दहाही ठिपके एका ताटाएवढ्या जागेत पडले आणि एकही गोळी आत फुटली नाही, तर तो मार्कर घ्या आणि चला. कपड्यांची काळजी करू नका. आताचा रंग पाण्याने निघतो. सुरुवातीच्या त्या गोळ्यांमध्ये तेलाचा रंग असायचा आणि तो काढायला टर्पेंटाइन लागायचं!