हशा कुणावर?

जुन्या विनोदी मालिका आज पुन्हा पाहताना काही ठिकाणी आपण खळखळून हसतो, तर काही ठिकाणी ओशाळून इकडेतिकडे पाहू लागतो. मालिका तीच, नटही तेच. मग असं का होतं?

'चिमणराव' घ्या. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका १९७७ पासून मुंबई दूरदर्शनवर लागायची. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आम्ही तेव्हा घाटकोपरला चाळीत राहत होतो. टीव्ही अर्थातच शेजाऱ्यांचा. माझ्या कोकणी दादीला पुणेरी ब्राह्मणाचं घर म्हणजे परमुलूख. तरी चिमणरावांची फजिती झाली की ती तोंडाला पदर लावून हसायची. आतून घाबरलेला, पण वरून आब राखू पाहणारा माणूस तिने आमच्या खानदानातही पाहिला होता! त्या काळी टेप महाग, एकीवरच पुन्हा दुसरं चित्रीकरण व्हायचं. त्यामुळे 'चिमणराव'चे आज मोजकेच भाग उरले आहेत.

१९८८ ची 'वागळे की दुनिया' याच जातीची. आर. के. लक्ष्मण यांचा वागळे, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं. मध्यमवर्गीय माणूस, तुटपुंजी मिळकत, रोजचे छोटे पेच. ते पेच काही सुटलेले नाहीत. २०२१ मध्ये वागळ्यांच्या पुढच्या पिढीची मालिका आली, तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आजी-आजोबा होऊन सहज त्यात सामावले.

'श्रीमान श्रीमती'चं मात्र तसं नाही. १९९४ ची ही मालिका २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवली. जतिन कनाकिया आणि रीमा लागू यांचं टायमिंग आजही लाजवाब. पण शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा नवरा आणि घर सांभाळणाऱ्या दिलरुबाच्या बायकी लकबी यांवर रेकॉर्ड केलेला हशा उसळतो, आणि आपण गप्पच असतो.

'जबान संभाल के' १९९३ ची, ब्रिटिश 'माइंड युअर लँग्वेज'वर बेतलेली. हिंदीच्या वर्गात नाना प्रांतांचे, देशांचे विद्यार्थी. पंकज कपूर यांचा त्रासलेला मास्तर अजूनही हसवतो. उच्चारांवरचे विनोद मात्र शिळे झाले. या बाबतीत माझे कान जरा तिखट आहेत. मी मराठीत कविता लिहितो. वाचन संपलं की 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' असं कौतुकाने विचारणारं कुणीतरी भेटतंच. त्यांचाही दोष नाही. नाटकांत, मालिकांत मुसलमान पात्र आलं की ते बहुधा मोडकंतोडकं मराठी बोलून टाळी घेतं. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमानांच्या घरात कोकणी बोलतात, हे त्यांनी ऐकायचं कुठे?

म्हणून मला १९८६ च्या 'नुक्कड'मधला कादरभाई आठवतो. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका पूर्ण विनोदी नव्हती. हसवता हसवता चटका लावायची. अवतार गिल यांचा कादरभाई हॉटेल चालवतो, उधारीने वैतागतो, तरी चहा देतो. हशा येतो तो उधारीवर, नावावर नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक हॉटेलवाला होता, उडुपीकडचा. त्याच्या वहीत आमच्या घराचंही एक पान होतं. 'नुक्कड' असलं की तो शटर अर्धं ओढून टीव्हीपुढे बसायचा, आणि कादरभाई उधारीवरून ओरडू लागला की सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.