न्हाणीघराची खिडकी आणि भिंतींतील ओल

घर बांधतांना अथवा त्याची डागडुजी करतांना दिवाणखान्याच्या रंगाविषयीं आठ-आठ दिवस खल चालतो. न्हाणीघराची खिडकी मात्र गवंड्याच्या मर्जीवर सोडून दिली जाते. आम्हींही तेंच केलें, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या वडील बंधूंस भोगावें लागलें.

पूर्वीं दगडावर बसून तांब्यानें स्नान करीत. पाणी अंगावरून थेट मोरीकडे जाई. झरोका पुरुषभर उंचीवर, तेथवर शिंतोडाही पोंचत नसे. आतां सात फुटांवरून फवारा सोडून उभ्यानें स्नान करण्याचा प्रघात पडला, आणि खिडकी छातीइतक्या उंचीवर आली. पूर्वीं जिला पाऊस बाहेरून व चारच महिने लागे, तिला आतां तो बारा महिने आंतूनही लागतो.

दादांची खोली न्हाणीघरास लागून. तिच्या कोपऱ्यांत ओल येऊं लागली, भिंतीचे पोपडे पडले, कपाटांतील पोथ्यांस बुरशी धरली. आम्हीं दोष गच्चीस दिला आणि बऱ्याच खर्चानें ती दुरुस्त करून घेतली. ओल जशीच्या तशी! दादांनीं ओटीवर अंथरूण हलविलें, पण तक्रारीचा शब्द काढला नाहीं. तेंच आम्हांस अधिक बोंचे. शेवटीं सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, वैशाखांत गच्चीवर पाऊस कोठला?” शिवाय ओल होती ती कमरेखालीं, वरची भिंत खडखडीत कोरडी. गच्चीचें पाणी वरचा भाग टाळून खालीं कसें उतरेल? धूमावरून अग्नीचें अनुमान आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें; घरच्या भिंतीपुढें मात्र तें सुचलें नाहीं.

दुसरे दिवशीं पाणसळ आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेविली. कट्टा मोरीकडे नव्हे, चौकटीकडे उतरता होता! फवाऱ्याचें पाणी तेथें सांचून चौकट व भिंत यांमधील फटींतून विटांत मुरत होतें. लांकूड भिजलें कीं फुगतें, वाळलें कीं आकसतें. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाहीं, म्हणून हा सांधा पुनःपुन्हा तडकतो. लाद्या बसविल्या म्हणजे भिंतींत पाणी शिरत नाहीं, ही समजूतही खोटी. दोन लाद्यांमधील सांध्यांतून तें झिरपतेंच. त्यास अडवितो तो लाद्यांमागील जलरोधक लेप. तो लेप खिडकीच्या कडेशीं थांबला तर सारा खटाटोप व्यर्थ. चारही कडांवरून आंत वळवून तो चौकटीपर्यंत नेला पाहिजे.

उताराची दिशा हेंच यांतील मर्म. शिवालयाचा गाभारा नित्य अभिषेकानें भिजतो. परंतु तें पाणी शाळुंकेवरून प्रणालांत जातें आणि भिंतीबाहेर पुढें आलेल्या मुखांतून दूर पडतें. खिडकीसही हाच न्याय लावावा. आंतील कट्ट्यास मोरीकडे उतार द्यावा, वीतभर रुंदीस निदान पाव इंच. बाहेरील कट्टा अंगणाकडे उतरता करून भिंतीपुढें दोन बोटें काढावा व त्याच्या खालच्या अंगास खांच पाडावी. म्हणजे पाणी दगडाच्या पोटास चिकटून मागें येत नाहीं, तेथेंच ठिबकतें.

आम्हीं लांकडी चौकट काढून ग्रॅनाइटची बसविली, कट्ट्यावर बिनजोड एकसंध फरशी घातली, आणि चौकटीभोंवतींचा सांधा लवचिक सिलिकोननें भरला. हेंही कालांतरानें सुटतें. दरवर्षीं मृगापूर्वीं पाहावें. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असल्यास तिच्या खांचेंतील पाणी बाहेर सोडणारीं बारीक भोंकें साबणाच्या मळानें बुजतात; तीं काडीनें मोकळीं करावींत. शक्य तर फवाऱ्याचें तोंडच खिडकीपासून फिरवावें. त्यास दमडीही लागत नाहीं.

काम संपतांच रंगारी हजर झाला. त्यास आम्हीं परत पाठविलें. भिजलेली वीट वाळण्यास महिने लागतात, आणि तत्पूर्वीं तैलरंग दिल्यास ओल आंतच कोंडते. आमची भिंत दिवाळीनंतर वाळली. दादा खोलींत परतले. पोथ्या मात्र त्यांनीं अजून ओटीवरच्या कपाटांतच ठेविल्या आहेत.