स्वतःला ‘अगं’ म्हणून बघा

दूध उतू गेलं की माझ्या मनात लगेच आवाज येतो, ‘एक काम धड जमत नाही तुला!’ हेच शेजारच्या वहिनींकडून झालं असतं तर मी म्हटलं असतं, ‘अहो, होतं असं. द्या ते फडकं इकडे.’

याच फरकावर टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ वर्षानुवर्षं काम करतायत. आत्मकरुणा मोजण्याची त्यांची प्रश्नावली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आत्मकरुणेत नेफ तीन गोष्टी सांगतात: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात याचं भान आणि दुखतंय हे न दडवता, न वाढवता पाहणं. मला मधली फार मोलाची वाटते. शरमेत माणूस एकटा पडतो ना!

‘अशानं आळशी होऊ’ ही भीती सोडा. ब्राइन्स आणि चेन या संशोधकांच्या २०१२ च्या प्रयोगात अवघड शब्दपरीक्षेत कमी पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःला समजून घ्यायला सुचवलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

मनातला तो रागावणारा आवाज आला की स्वतःला नावानं हाक मारा, मैत्रिणीला मारतो तशी. मग तेच वाक्य पुन्हा बोलून बघा. माझ्या तर ते तोंडातून निघतच नाही.