नंबर लागला नाही. मग पुढे काय?

२०२२ सालच्या दिवाळीत आमच्या अक्काने चकल्या केल्या, अनारसे केले, दारात आकाशकंदीलही लावला; पण भाऊबीजेला मी सोलापूरला तिच्या घरी पोचलो तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. कारण मला ठाऊक होते. सप्टेंबरात ‘नीट’चा निकाल लागला होता आणि माझ्या भाचीला ७२० पैकी ४७० गुण पडले होते. तेवढ्या गुणांवर खुल्या वर्गातून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची आशा नव्हती, आणि खाजगी महाविद्यालयाची फी भावोजींच्या पगारात बसणारी नव्हती.

फराळाला येणारा प्रत्येक पाहुणा बसता बसता विचारी, “काय, लागला का नंबर?” आणि भाची हातातले ताट तिथेच ठेवून आत जाई. ती पुन्हा बाहेर येत नसे. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते हो! पण त्या दिवाळीत तो चार शब्दांचा प्रश्न त्या पोरीला रोज पाचसात वेळा ऐकावा लागला.

ओवाळून झाल्यावर अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, “ती म्हणते, पुन्हा बसते. पण तूच सांग, तेच क्लास, तीच पुस्तकं आणि तीच पोर. मग निकाल तरी दुसरा कसा लागायचा?”

अक्का काही फार शिकलेली नाही. पण तिने विचारलेल्या प्रश्नाहून नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत पोरे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसतात. ‘ड्रॉप घेतला’ असे त्यांच्या भाषेत म्हणतात. पण पुन्हा बसणे आणि सुधारून बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मी पडलो मराठीचा मास्तर. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. तेव्हा अक्काला मी काय उत्तर देणार? पण योगायोग असा की, महाविद्यालयातल्या एका व्याख्यानासाठी त्याच सुमारास मी डॉक्टर रखमाबाईंच्या चरित्राची टिपणे काढीत होतो. रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला जाण्यास ज्यांनी मदत केली, त्यांत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची या होत्या. या पीचीबाई स्वतः डॉक्टर कशा झाल्या, हे पाहायला गेलो आणि धागा थेट स्कॉटलंडातल्या एडिंबरोला जाऊन पोचला. अक्काच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले.

१८६९ सालच्या मार्च महिन्यात सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या इंग्रज तरुणीने एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला. ब्रिटनमधल्या विद्यापीठांची दारे तेव्हा स्त्रियांना बंद होती. तरीही तिथल्या अध्यापकांनी अर्ज मान्य केला. पण वरच्या नियामक मंडळाने तो फेटाळला. कारण काय दिले? तर एकट्या एका बाईसाठी शिकवण्याची वेगळी व्यवस्था करणे विद्यापीठाला शक्य नाही!

अशा वेळी आपण काय करतो? रडतो, नाहीतर विद्यापीठाच्या नावाने बोटे मोडतो, नाहीतर तोच अर्ज पुढल्या वर्षी पुन्हा धाडतो. सोफियाने तो नकार नीट वाचला. ‘एकटी आहे म्हणून नाही’, असे ते म्हणतात. ठीक आहे, मग एकटीने जायचे नाही! तिची हकीकत वर्तमानपत्रांतून गाजलीच होती. ज्यांना आपल्याबरोबर शिकायचे असेल त्यांनी यावे, असे तिने आवाहन केले. मुले शिकवून पोट भरणारी एडिथ पीची अशीच तिला येऊन मिळाली. त्याच उन्हाळ्यात दुसरा अर्ज गेला आणि या वेळी विद्यापीठाला तो मान्य करावा लागला. ऑक्टोबरात प्रवेशपरीक्षा झाली. १५२ उमेदवारांत स्त्रिया होत्या पाच, आणि पहिल्या सात क्रमांकांत त्यांतल्या चौघी होत्या!

पुढची वाट सुखाची नव्हती. १८७० च्या नोव्हेंबरात त्या परीक्षेला निघाल्या असता जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. एडिंबरोने त्यांना हयातीत पदवी दिली नाही ती नाहीच. सोफियाने खटपट करून १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय उभे केले. १८७७ साली सोफिया आणि एडिथ या दोघींनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाची पदवी आणि डब्लिनचा परवाना मिळवला. एडिथ पीची १८८३ साली मुंबईला आल्या. आणि आपल्या रखमाबाई १८८९ साली ज्या विद्यालयात दाखल झाल्या, ते लंडनचे तेच विद्यालय!

सोफिया दोन्ही अर्जांच्या वेळी तीच होती. तिची हुशारी चार महिन्यांत वाढली नव्हती. दुसरा अर्ज एकाच बाबतीत सरस होता: पहिल्या नकाराचे जे कारण, त्याचे उत्तर त्या अर्जात होते.

हे सारे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, “मामा, त्यांना कारण तरी सांगितलं होतं. मला कोणी काय सांगितलंय?”

“तुलाही सांगितलंय,” मी म्हणालो, “उत्तरपत्रिका कुठे आहे?”

‘नीट’ची प्रश्नपुस्तिका विद्यार्थी घरी आणतात. भरलेल्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि उत्तरतालिका परीक्षा घेणारी संस्था काही दिवस संगणकावर उपलब्ध ठेवते. भाचीने दोन्ही उतरवून घेतल्या होत्या. पण निकालानंतर एकदाही उघडल्या नव्हत्या. जखमेवरची पट्टी आपल्या हाताने कोण उघडतो? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आम्ही दोघे त्या उघडून बसलो.

१८० प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. भाचीचे १३० बरोबर होते आणि ५० चूक. एका वहीत आम्ही तीन रकाने आखले. पहिल्यात, जे मुळीच येत नव्हते ते. दुसऱ्यात, जे अर्धवट येत होते ते. आणि तिसऱ्यात, जे येत असूनही चुकले ते. दुपारपर्यंत वही भरली. पहिल्या रकान्यात १७, दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात २१!

ते २१ प्रश्न पाहून ती पोर थक्क झाली. ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते’, असे विचारले होते आणि हिने पहिले योग्य विधान दिसताच त्याचा गोल काळा केला होता. कुठे एकक पाहिले नव्हते, कुठे बेरजेचे चिन्ह उलटे धरले होते. चुकलेले उत्तर बरोबर आले की गेलेला १ परत येतो आणि वर ४ मिळतात. म्हणजे ५ गुणांचा फरक. २१ प्रश्नांचे झाले १०५ गुण! एवढे गुण अज्ञानाने नव्हे, घाईने गेले होते. आणि क्लासवाले तिला काय सांगत होते? ‘सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून करा.’

मला विज्ञान येत नाही, पण वाचायला येते. आणि वाचायला शिकवणे हाच माझा धंदा. तेव्हा भाची नोव्हेंबरात पुण्याला आमच्याकडे राहायला आली. रोज संध्याकाळी मी तिला जुने प्रश्न द्यायचो आणि तिने उत्तर न देता एवढेच सांगायचे की, प्रश्नात नेमके काय विचारले आहे. सुरुवातीला ती चिडायची. महिन्याभराने ‘नाही’, ‘फक्त’, ‘वगळता’ या शब्दांखाली रेघ ओढल्याशिवाय तिचा हात पुढे सरकेनासा झाला.

दुसऱ्या रकान्याचे कारण निराळे निघाले. या परीक्षेतले निम्मे गुण, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे. ते प्रश्न बहुतांशी एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून येतात. भाची शिकली महाराष्ट्र बोर्डात. एनसीईआरटीचे पुस्तक तिच्याकडे होते, पण तिने वाचल्या होत्या त्या क्लासच्या नोट्स. मूळ पुस्तक ओळीने वाचायला तिने या वर्षी पहिल्यांदा घेतले. खरी परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, म्हणून दर रविवारी बरोबर दोनलाच घड्याळ लावून ती पूर्ण पेपर सोडवी. जेवढा वेळ पेपरला, तेवढाच वेळ चुका तपासायला. तीन रकान्यांची ती वही अखेरपर्यंत चालू राहिली.

घरानेही एक नियम पाळला. गुण किती पडले, हे कोणी विचारायचे नाही. तिला वाटले तर ती सांगेल. अक्काला फोनवर हे पाळणे फार जड गेले, पण तिने पाळले.

तरीही फेब्रुवारीत एका रविवारी सरावपरीक्षेचे गुण पहिल्या वर्षापेक्षाही खाली आले. त्या रात्री भाची जेवली नाही. म्हणाली, “मामा, मी डॉक्टर व्हायला अभ्यास करतेय, की लोकांना तोंड दाखवता यावं म्हणून, हेच मला कळेनासं झालंय.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ते तिच्या मामीने शोधले. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाचीला त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी केसपेपर लिहायला बसवले. भाची दुपारी घरी आली ती भूक लागली म्हणत. एका म्हातारबाबांना आपले वय आठवेना, ते त्यांनी दुष्काळावरून मोजून सांगितले, ही हकीकत तिने दोनदा सांगितली. मग वही उघडून बसली. घरात आम्ही त्या प्रश्नाविषयी पुन्हा बोललो नाही.

जून २०२३ मध्ये निकाल लागला. १५८ बरोबर, २१ चूक, एक प्रश्न सोडलेला, गुण ६११.

पण वाचकहो, अर्ज अजून पुरा झालेला नसतो! सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीहून भरल्या जातात आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षाकडून. दोन्हीकडे नावनोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. अधिवासाचा दाखला, आणि राखीव वर्गातल्यांना जातीचा, जातवैधतेचा, मुदतीतला नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, हे सारे आधीच हातात हवे. निकालानंतर तहसील कचेरीत धावणारे आईबाप मी पाहिले आहेत. ज्या कामाला चार महिने होते, ते चार दिवसांत होत नाही. शिवाय नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या एका मोठ्या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी.

महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचेही तसेच. भाचीने पहिल्यांदा पुणे-मुंबईची चार नावे लिहिली आणि पुरे म्हणाली. मी म्हटले, “आवडीची नावं वर असू देत, पण जिथे जायची तयारी आहे, ती सगळी खाली लिही. यादीत नसलेलं कॉलेज आपणहून बोलवायला येत नाही.” तिला मिळाले ते विदर्भातले सरकारी महाविद्यालय यादीत बरेच खाली होते. अक्का म्हणाली, “एवढ्या लांब?” भावोजी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. “एडिंबरोपेक्षा जवळ आहे!” ते म्हणाले. तेव्हा कळले की, ती गोष्ट त्यांनीही ऐकली होती.

आता एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२४ साली ‘नीट’ला सुमारे २३ लाख मुले बसली, देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या सरकारी साधारण निम्म्या. चांगला प्रयत्न केलेल्या पुष्कळांना जागा मिळणारच नाही, हे हिशेबच सांगतो. २०२२ साली वयाची वरची मर्यादा उठली. ती सोय खरी, पण तिच्यामुळे ‘आणखी एकच वर्ष’ म्हणत राहण्याचाही धोका आहे. किती वर्षे द्यायची, हे निकालाआधी, शांत डोक्याने, मुलाला बरोबर घेऊन ठरवावे.

त्या बाबतीतही तीन रकान्यांची वही खरे सांगते. तिसरा रकाना मोठा असेल तर वर्ष द्यावे. मन लावून वर्ष घालवूनही पहिला रकाना आटत नसेल, तर त्या नकारातही एक कारण आहे आणि तेही वाचले पाहिजे. माझा एक विद्यार्थी तिसऱ्या प्रयत्नानंतर फिजिओथेरपीकडे वळला. पाय मोडलेल्या माणसाला तो पहिल्यांदा चालवतो तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखे आहे.

गेल्या दिवाळीत भाची सोलापूरला आली होती. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा त्या वर्षी राहिला होता. तो फराळाचे ताट द्यायला आला आणि दारातच घुटमळला. अक्का सवयीने काही विचारणार, तेवढ्यात भाचीने तिच्या हाताला हळूच धरले. मग त्याला आत बोलावून म्हणाली, “बस. उत्तरपत्रिका उतरवून घेतलीयस ना? घेऊन ये. आणि येताना एक कोरी वही आण.”